बाऊचे राजे ‘टोळीप्रमुख’ नव्हेत

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात परदेशच्या पानावर पॅसिफिकमधल्या फिजी बेटांविषयी आठ-दहा ओळींची एक चौकट होती. फिजीतल्या ‘टोळीप्रमुखांच्या’ परिषदेला पुन्हा मान मिळाला, ही परिषद ‘बाऊ या एवढ्याशा बेटावर’ भरली, आणि याच बेटावरच्या ‘काकोबाऊ’ नावाच्या टोळीप्रमुखानं पूर्वी सगळी बेटं इंग्रजांना देऊन टाकली होती, असा मजकूर. मी अंक बाजूला ठेवला, चहा घेतला, परत वाचला आणि कागद पुढे ओढला. पत्र लांबणार आहे. कात्री आपल्याच हातात आहे.

मी इतिहासाचा मास्तर नाही. फौजेत सिग्नल्समध्ये नोकरी काढून सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलो. गाव खटाव तालुक्यात, औंधच्या यमाईचा डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो. पण सन २००० साली मी दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो. आपली पलटण तिथे १९९८ साली गेली, फिजीची तर १९७८ पासून ठाण मांडून होती. नाकूरा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात मुख्य ठाणं होतं. तिथे काही महिने माझी नेमणूक होती आणि रेडिओच्या खोलीत माझ्या शेजारच्या टेबलावर फिजीचा एक सार्जंट बसायचा. सव्वासहा फूट उंच, हाताचे पंजे कुदळीच्या पात्याएवढे. पहिल्याच दिवशी तो माझ्याशी हिंदीत बोलला. ती हिंदी ऐकून आमच्यातला, उत्तर प्रदेशातल्या बलियाचा नाईक उडालाच, म्हणाला ही तर माझ्या आजीची बोली. सार्जंट मूळचा फिजियन, काळ्या कुरळ्या केसांचा. त्याचं गाव ताईलेवू प्रांतात, बाऊ बेटाच्या समोरच्या किनाऱ्यावर. शाळेत ऊसवाल्या हिंदुस्थानी पोरांबरोबर खेळता खेळता भाषा शिकला होता.

आधी नावाचं मिटवतो. त्या माणसाचं नाव काकोबाऊ नव्हे, थाकोम्बाऊ. मिशनऱ्यांनी फिजीची भाषा रोमन लिपीत बसवली तेव्हा एका उच्चाराला एकच अक्षर असा हिशेब धरला. त्यामुळे तिथे ‘सी’ अक्षराचा उच्चार जीभ दाताला लावून, द आणि थ यांच्या मधला होतो, आणि ‘बी’ च्या आधी आपोआप म येतो. बाऊसुद्धा बोलताना म्बाऊच. मी पहिल्यांदा ‘काकोबाऊ’ म्हटलं तेव्हा सार्जंट असा हसला की खुर्ची करकरली. सातारला कुणी ‘सटारा’ म्हटल्यावर आपल्याला जे होतं तेच त्याला झालं असणार.

आता ‘टोळीप्रमुख’. आमच्याकडे टोळी म्हणजे उसतोडीची, नाहीतर चोरांची. टोळीला मुकादम असतो, टोळीला गादी नसते. बाऊला गादी होती. एक नव्हे, दोन.

हे मला नाकूऱ्यात एका रविवारी संध्याकाळी कळलं. फिजीवाल्यांनी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत यंगोनाला बोलावलं होतं. एका झाडाची मुळी वाळवून कुटतात, पाण्यात कालवून फडक्यातून गाळतात आणि चार-सहा पायांच्या लाकडी परातीत ठेवतात. परातीला म्हणतात तानोआ. रंग ओढ्याच्या गढूळ पाण्याचा, चवही जवळपास तीच, दोन करवंट्या पोटात गेल्या की जीभ बधिर. नशा म्हणावी तर नाही, रमशी तर तुलनाच नको. पण शिस्त! नारळाच्या करवंटीतून एकेकाला द्यायचं, घेणाऱ्यानं आधी पोकळ हातांनी एक टाळी वाजवायची, एका घोटात संपवायचं, मग तीन टाळ्या. आणि पहिली करवंटी कुणाला? माझी समजूत, खोलीत हुद्द्यानं मोठा सार्जंट, म्हणजे त्याला. ती गेली कोपऱ्यातल्या एका लान्स कॉर्पोरलला. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. सार्जंट त्याच्यासमोर मान खाली घालून, मांडी घालून बसलेला. पोरगं बाऊच्या सरदार घराण्यातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परेडला याच सार्जंटनं त्याच पोराला बुटाला पॉलिश नाही म्हणून असा झापला की आमचे जवान थांबून बघत राहिले. दोन्हींत कुणालाच काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. आमच्या गावच्या यात्रेत पालखीपुढे नारळाचा पहिला मान ज्या घराला आहे, त्या घरातला माणूस दूध संस्थेत माझ्या चुलतभावाच्या हाताखाली कॅन मोजतो.

त्या रात्री सार्जंटनं मला बाऊची रचना समजावली. बाऊवर दोन राजे. एक रोको तुई बाऊ, देवाच्या जागी मानलेला. त्याचा मान सगळ्यात मोठा, पण लढाईत, कारभारात त्यानं पडायचं नाही. दुसरा वुनिवालू. शब्दाचा अर्थच ‘लढाईचं मूळ’. फौजा, तह, वसुली सगळं याच्याकडे. पुढे हा दुसरा वरचढ झाला आणि पहिला नावापुरता उरला. मी त्याला मध्येच थांबवलं आणि म्हटलं, पुढचं मी सांगतो. शाहू महाराज १७०८ साली साताऱ्यात गादीवर बसले, १७४९ साली गेले, आणि त्यानंतर छत्रपती साताऱ्यात नि सत्ता पुण्यात. पण पेशव्याला पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच आणावी लागत, त्याशिवाय पेशवा पेशवा नव्हे. सार्जंटनं विचारलं, तुमच्या या दोन जागांत अंतर किती? मी म्हटलं, साठ-सत्तर मैल. तो म्हणाला, आमच्याकडे दोघे एका हाकेवर राहत.

खरंच एका हाकेवर. बाऊ केवढं आहे ते आपल्या चौकटीत ‘एवढंसं’ म्हणून सोडून दिलंय. सुमारे वीस एकर. आमच्या माळावर वीस एकर म्हणजे दोन भावांचं जिरायत, पाऊस नसेल तर कुसळं. मुरुडजवळचा जंजिरा पाहिलाय त्यांनी डोळ्यांसमोर आणावा, साधारण तेवढंच. फिजीचं सगळ्यात मोठं बेट विती लेवू, त्याच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून हा तुकडा आहे. कडेनं दगडी बांध घालून, होड्या आत घेण्यासाठी खाचे ठेवून, मूळची जमीन वाढवून घेतलेली. या वीस एकरांवरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व फिजीचा मोठा भाग हलत होता.

कसा, याचं उत्तर मला जंजिऱ्यातच दिसतं. जमीन कमी असली तरी पाणी ज्याच्या हातात त्याचं राज्य. बाऊवर लासाकाऊ आणि सोसो ही दर्यावर्दी मंडळी होती, मासेमारी करणारी आणि वेळ आली की लढणारी. द्रुआ नावाची जोडनाव ते हाकत. दोन होड्या जोडून त्यावर तक्तपोशी, आणि एकावेळी शे-दीडशे माणूस. रेवा नदीच्या मुखाचा सुपीक भाग जवळ. त्यात १८०८ साली ‘एलिझा’ नावाचं जहाज फुटलं आणि चार्ल्स सॅव्हेज नावाचा खलाशी बंदुका घेऊन बाऊच्या आश्रयाला आला. तो १८१३ मध्ये मारला गेला, पण बंदुकीचा बाऊवाल्यांनी घेतलेला नाद काही सुटला नाही. पुढे समुद्रकाकडी नावाच्या समुद्री जीवाच्या व्यापारात परदेशी जहाजांशी सौदे करून त्यांनी आणखी बंदुका मिळवल्या.

पण मला बंदुकीपेक्षा मोठी वाटली ती मामा-भाच्याची गोष्ट. फिजीत ‘वासू’ म्हणून एक हक्क आहे. आईच्या माहेरी भाच्यानं काही मागितलं तर मामानं नाही म्हणायचं नाही. सामान्य घरात याचा अर्थ एखादं डुक्कर, एखादी चटई. पण भाचा बाऊच्या गादीचा असेल आणि आजोळ एखाद्या मोठ्या संस्थानाचं असेल, तर तो मामाकडून नाव मागतो, माणसं मागतो, लढाईला साथ मागतो. म्हणून सोयरीक कुठे करायची हा त्यांच्याकडे राजकारणाचा पहिला धडा. आपल्याकडे निंबाळकर, मोहिते, शिर्के यांच्या सोयरिकींनी स्वराज्याचं काय काय घडवलं ते साताऱ्याच्या वाचकांना मी काय सांगू! सार्जंटला हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग तुमच्याकडे मामा भाच्याला घाबरतो का? मी म्हटलं, भाचा लग्नाला आला की आजही घाबरतो.

थाकोम्बाऊ हा या घरातला. मूळ नाव सेरू. बाप तानोआ वुनिवालू होता. १८३२ साली बंडखोरांनी बापाला हुसकून लावलं, पोरगा मात्र बेटावरच राहिला, कुणी त्याला मोजलं नाही. पाच वर्षं त्यानं लासाकाऊच्या दर्यावर्द्यांना आतून फोडलं आणि १८३७ मध्ये उलटा डाव टाकून गाव जिंकलं. त्यावरून नाव पडलं थाकोम्बाऊ, बाऊचा विध्वंस करणारा. आपलंच गाव उद्ध्वस्त केल्याचं नाव अभिमानानं मिरवणारा राजा मला तरी दुसरा माहीत नाही.

हा माणूस साधुसंत नव्हता. शेजारच्या रेवा संस्थानाशी त्यानं बारा वर्षं युद्ध केलं. त्या काळी तिथे शत्रू मारून खात असत. ज्या दगडावर माणसं आपटून मारत तो दगड आज बाऊच्या चर्चमध्ये आहे, बाळांना बाप्तिस्मा देण्याचं पाणी त्यात ठेवतात. सार्जंटचा बाप्तिस्मा त्याच दगडाशी झाला होता. हे सांगताना त्यानं आवाज खालीही केला नाही नि चढवलाही नाही. १८५२ साली तानोआ वारला तेव्हा त्याच्या बायकांना गळा आवळून त्याच्यासोबत पाठवलं गेलं. इथे मला मान वर करून काही बोलता आलं नाही. माहुलीच्या संगमावर नदीकाठच्या समाध्यांमधून मी हिंडलो आहे आणि शाहू महाराजांच्या मागे सकवारबाई सती गेल्या हे आपण शाळेत शिकलो आहोत. थाकोम्बाऊनं १८५४ साली ख्रिस्ती धर्म घेतला. पुढच्याच वर्षी काबाच्या लढाईत शेजारच्या टोंगा बेटांच्या राजानं त्याला हात दिला आणि तो तरला. धर्म मनापासून घेतला की गरजेपोटी, यावर सार्जंटच्या खोलीत दोन तट होते.

तरीही ‘बेटं देऊन टाकली’ हे तीन शब्द मला सगळ्यात जास्त लागले. त्या मागं एक सावकारी आहे. ४ जुलै १८४९ ला नुकुलाऊ बेटावर अमेरिकेच्या वाणिज्यदूतानं, म्हणजे विल्यम्सनं, आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन तोफ उडवून साजरा केला. त्या गडबडीत त्याचंच घर पेटलं आणि लोकांनी सामान लुटलं. यात बाऊचा काय दोष? पण इंग्रज-अमेरिकनांना फिजीचा एक कुणीतरी मालक हवा होता, म्हणून त्यांनी थाकोम्बाऊला ‘तुई विती’, फिजीचा राजा, म्हणायला सुरुवात केली आणि बिल त्याच्या नावानं फाडलं. मागणी सुरुवातीला पाच हजार डॉलरच्या आसपास होती. दरवेळी एक लढाऊ जहाज यायचं आणि आकडा वाढवून जायचं. १८५५ पर्यंत सगळ्या दाव्यांचे मिळून चाळीस हजारांच्या वर गेले. आमच्या तालुक्यात ज्यांच्या आजोबांनी सावकाराच्या वहीत अंगठा दिला आहे, त्यांना हे गणित शिकवावं लागत नाही.

१८५८ मध्ये त्यानं बेटं इंग्रजांना देऊ केली, तर १८६२ मध्ये इंग्रजांनीच नको म्हटलं. १८६८ मध्ये मेलबर्नच्या एका कंपनीनं कर्ज फेडायचं कबूल केलं, बदल्यात दोन लाख एकर जमीन मागितली. १८७१ मध्ये गोऱ्या मळेवाल्यांना हाताशी धरून त्यानं लेवुका गावी राज्य उभं केलं, तेही कर्जात बुडालं. मग १० ऑक्टोबर १८७४ ला लेवुका इथे त्यानं, टोंगाच्या माआफू सरदारानं आणि इतर सरदारांनी सह्या केल्या आणि फिजी राणीच्या ताब्यात गेलं. याला ‘देऊन टाकली’ म्हणायचं असेल तर गहाणवट सुटली नाही म्हणून गेलेल्या शेतालाही ‘देऊन टाकलं’ म्हणा.

साताऱ्याचं मात्र वेगळं. आपल्याकडे कुणी सही केली नाही. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये रात्रीतून गादीवरून उतरवून काशीला धाडलं. रंगो बापूजी लंडनला चौदा वर्षं अर्ज-विनंत्या करत बसले, हाती काही लागलं नाही. १८४८ मध्ये शहाजीराजे गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनं राज्य खालसा केलं. सार्जंटला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं थोडा विचार करून विचारलं, मग तुमचा राजा चांगला की आमचा? आमच्यानं विकलं, पण आमची जमीन राहिली. तुमच्यानं विकलं नाही, पण तुमचं राज्य गेलं. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

त्याचं म्हणणं खरं होतं. पहिला गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यानं ठरवलं की फिजियनांची जमीन विकता येणार नाही आणि सरदारांमार्फत राज्य चालवायचं. १८७६ मध्ये सरदारांची मोठी परिषद, बोसे लेवू वाकातुरांगा, उभी राहिली. आपण जिला टोळीप्रमुखांची परिषद म्हटलं, ती ही. आजही फिजीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन मूळ घराण्यांच्या नावावर आहे, भाड्यानं देता येते, विकता येत नाही. एक मोठं दुःख मात्र त्याआधीच होऊन गेलं होतं. तहानंतर थाकोम्बाऊ सिडनीला जाऊन आला, बरोबर गोवर आला आणि १८७५ मध्ये सुमारे चाळीस हजार माणसं गेली. इथे मी जास्त लिहीत नाही, कोविडच्या वेळी आम्ही आमच्या गल्लीत जे पाहिलं त्यानंतर असले आकडे वाचवत नाहीत.

आता त्या वाचवलेल्या जमिनीची दुसरी बाजू. फिजियनांना मळ्यात राबवायचं नाही असं ठरलं, मग ऊस कुणी तोडायचा? १४ मे १८७९ ला ‘लिओनिडास’ जहाज कलकत्त्याहून हिंदुस्थानी मजूर घेऊन लेवुकाला लागलं. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं अशी गेली. करारावर, ज्याला ते ‘गिरमिट’ म्हणतात. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, आणि मला तोच अर्थ जास्त बरोबर वाटतो. त्या मळ्यांवर मजुरांवर नजर ठेवणारा हिंदुस्थानी मुकादम असायचा, त्याला म्हणत ‘सरदार’. म्हणजे एकाच बेटावर एक सरदार करवंटीतून पहिला घोट घेणारा आणि दुसरा सरदार हातात छडी घेऊन उसाच्या सरीत उभा. बाऊच्या राजांचा मान राहिला त्याची किंमत ज्यांनी पाठीवर भरली, त्यांच्या नातवंडांकडून माझा सार्जंट हिंदी शिकला होता. दर दिवाळीनंतर आमच्या रस्त्यावरून मराठवाड्यातल्या उसतोड टोळ्यांचे ट्रक कराड-इस्लामपूरकडे जातात, पोरंबाळं, कोंबड्या, भांडी सगळं वर बांधून. ते पाहिलं की मला लेवुकाचं बंदर आठवतं, मी ते कधी पाहिलेलं नसतानाही.

बाऊचं वजन नंतरही टिकलं, पण वेगळ्या रूपात. थाकोम्बाऊनं १८५९ साली आपला चुलतभाऊ रातू, म्हणजे सरदार, मारा याला फासावर दिलं. भावकीचा प्रश्न. त्याच माराचा नातू रातू सुकुना, १८८८ चा जन्म. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला फौजेत घेतलं नाही, तर पठ्ठ्या फ्रेंच फॉरेन लिजनमध्ये भरती झाला, जखमी झाला, पदक घेऊन आला. नंतर ऑक्सफर्डची पदवी, आणि १९४० मध्ये जमिनीचं विश्वस्त मंडळ त्याच्याच खटपटीतून उभं राहिलं. हा बाऊचा माणूस मला सगळ्यांत आवडतो, त्याला टोळीप्रमुख म्हणणाऱ्याला मी सरळ कोर्टमार्शलच करीन. १९७० साली, पुन्हा १० ऑक्टोबरलाच, फिजी स्वतंत्र झालं. १९७३ मध्ये थाकोम्बाऊचा पणतू सर जॉर्ज गव्हर्नर जनरल झाला. तो १९८९ मध्ये वारल्यावर मात्र वारसाच्या वादात वुनिवालूची जागा तीस वर्षांहून जास्त रिकामी राहिली. हे वाचून आमच्या तालुक्यातल्या किमान चार घरांना हायसं वाटेल.

आणखी एक. आज फिजीची प्रमाणभाषा म्हणतात ती बाऊची बोली, कारण मिशनऱ्यांनी बायबल तीत केलं. वीस एकरांची भाषा सगळ्या देशाच्या पुस्तकात. पुण्याच्या मराठीपुढे ‘आमचं चुकलंच’ म्हणणाऱ्या आम्हा माणदेश-खटावच्या लोकांना यातली गंमत कळेल.

थाकोम्बाऊनं आपली लढाईतली गदा व्हिक्टोरिया राणीला पाठवली होती. ती १९३२ साली परत आली आणि कायदेमंडळात राजदंड म्हणून ठेवली गेली. मध्यंतरी साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली तेव्हा मी नातवाला खांद्यावर घेऊन रांगेत उभा होतो. तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. नातवानं विचारलं, आजोबा, आपलीच आहेत तर परत का द्यायची?

१९ मे २००० ला आम्ही दोघं रेडिओच्या खोलीतच होतो. फिजीची राजधानी सूव्हात संसदेत बंदूकवाले घुसले, महेंद्र चौधरी या हिंदुस्थानी वंशाच्या पहिल्या पंतप्रधानाला ओलीस धरलं. तो छप्पन्न दिवस ओलीस राहिला. त्याच आठवड्यात इस्रायल दक्षिण लेबनॉनमधून बाहेर पडत होतं, आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि माझ्या शेजारी हा माणूस एका कानाला लष्करी संच आणि दुसऱ्याला छोटा ट्रान्झिस्टर लावून बसलेला. त्याच्या देशात सरदारांतही फूट होती. तो माझ्याशी दोन दिवस हिंदीत बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, भैया, आमचे राजे आमच्या नावानं बोलतात, आम्हाला कुणी विचारत नाही. १९८७ चं पहिलं बंड करणारा राबुका आपल्याच तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकून गेला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं, हे नंतर कळलं.

म्हणून मी बाऊच्या गादीची आरतीही ओवाळत नाही. आमच्या औंधला १९३९ मध्ये पंतप्रतिनिधींनी राज्यघटना करून कारभार आपण होऊन रयतेच्या हाती दिला. चार वर्षांनी शेजारच्या गावांनी प्रतिसरकार उभारून कुणी देण्याची वाट न पाहता घेतला. दोन्ही गोष्टी माझ्या आजोबांनी पाहिल्या. फिजीत पहिली झाली नाही, दुसरी झाली ती बंदुकीनं. लष्करप्रमुख बैनीमारामानं २००७ मध्ये सरदारांची परिषद बंद पाडली, आंब्याच्या झाडाखाली बसून घरची दारू प्या असं त्यांना सुनावलं आणि २०१२ मध्ये ती रद्दच केली. आपल्या चौकटीतला ‘मान’ हा त्यानंतरचा. सरकार बदलल्यावर २४ मे २०२३ ला ती पुन्हा भरली, बाऊवरच. त्याच महिन्यात, त्याआधी दहा दिवस, राबुकानं पंतप्रधान म्हणून गिरमिटियांच्या वंशजांची १९८७ च्या आपल्या बंडासाठी माफी मागितली. चौकटीत या माफीला एक ओळ मिळाली असती तर मी हे पत्र कदाचित लिहिलंच नसतं.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ‘सरदार’ लिहावं किंवा त्यांचाच ‘रातू’ शब्द वापरावा आणि थाकोम्बाऊचं नाव दुरुस्त करावं.

सार्जंट आता गावी तारूची, म्हणजे अळूच्या कंदांची, शेती करतो. बाऊवर परिषद भरली त्या आठवड्यात त्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. समोरच्या किनाऱ्यावरून होड्यांमधून चटया नि डुकरं पोचवायच्या कामावर होता, अंगात फुलांचा सदरा, पोट सुटलेलं. खाली लिहिलं होतं, आमची गादी बघ, आता तुझी दाखव. मी साताऱ्याला जाऊन खालच्या रस्त्यावरून अजिंक्यताऱ्याचा चांगला मोठा फोटो काढला नि पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं, ‘छान आहे भैया. पण यात होड्या कुठे लावता?’

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
ता. खटाव, जि. सातारा